बोलता येईल इतकंच धाव

डॉक्टर वत्सलाबाईंच्या षष्ट्यब्दीचा गौरवग्रंथ निघणार हे ठरले, तेव्हा समितीतले दोघे ज्येष्ठ आमच्या ओटीवर येऊन बसले आणि चहा संपेपर्यंत लेख कसा असावा ते मला समजावून सांगत राहिले. आधी प्रथम परिचय, मग कार्य, मग स्वभावविशेष, शेवटी शुभेच्छा. "आणि बाई, जरा स्थिर बसून लिहा," असेही जाता जाता म्हणाले. मी शाळेत मुलींना खेळ शिकवते. स्थिर बसणे हा माझा विषय नव्हे. त्यात गेले काही दिवस तर जीव थाऱ्यावर नाही. एक परिच्छेद लिहिते, उठते, मागील दारी जाऊन ओहोटी लागली का ते पाहते आणि परत येते. तेव्हा हा लेख इकडेतिकडे भरकटला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम परिचय आचऱ्याच्या किनाऱ्यावरचा. मी मूळची सावंतवाडीची. तिथे तलावाभोवती धावायची सवय होती आणि लग्न होऊन इथे आले तेव्हा ती सवयही माहेरच्या सामानाबरोबर आली. ओहोटीला वाळू ओली आणि घट्ट असते, तेव्हा पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून मी धावायला निघत असे. नव्या सुनेने असे धावावे याची वाडीत चर्चा होतीच. एका सकाळी मागून लुनाचा आवाज आला. पांढरी सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, पुढच्या टोपलीत औषधांची बॅग. किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी घरी रोगी बघून बाई वाळूवरूनच परत चालल्या होत्या. माझ्या बरोबरीने लुना चालवत त्यांनी विचारले, "कोण मागे लागलंय गो तुझ्या?"

"कोणी नाही."

"मग ठीक आहे. धाव," असे म्हणून त्या पुढे निघून गेल्या. आपण धावतो त्यात चुकीचे काही नाही, असे त्या गावात मला सांगणारे ते पहिले माणूस.

बाईंच्या दवाखान्याविषयी मी वेगळे काय सांगणार? बाजाराजवळच्या त्या दोन खोल्यांतल्या बाकड्यावर आपण सगळेच बसलेले आहोत. बाई दवाखान्यात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलतात आणि रागावल्या की मालवणीत येतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून रोगी त्यांच्या इंजेक्शनला भीत नाहीत, मालवणीला भितात. आमच्या शाळेत एकदा असेच झाले. महिन्याचे ते चार दिवस असले की मुलींना खेळाच्या तासाला वर्गात कोंडून बसवायची पद्धत होती, आणि कोण कशासाठी मागे राहिली ते त्यामुळे मुलांसकट सगळ्या शाळेला कळत असे. मी बाईंच्या कानावर घातले. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या, मुलींशी शांतपणे बोलल्या, ज्यांना दुखते त्यांनी बसावे, ज्यांना खेळावेसे वाटते त्यांनी खेळावे असे सांगितले. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. दार बंद होते, पण बाहेर मालवणी ऐकू येत होती. त्यानंतर ती पद्धत बंद झाली.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते. ते लिहिणे जड जाते आहे आणि मी मघापासून त्याच्याभोवती घुटमळते आहे.

आपल्याकडे दिवस गेल्याचे तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. लग्नाला वर्ष होण्याच्या आत मला दिवस गेले, तेही असेच झाकलेले. घरात माझ्या सासूबाई आणि आमचे हे, बाहेर फक्त डॉक्टरबाई. सासूबाईंना सारी वाडी काकी म्हणते आणि मीही काकीच म्हणते. मी रोजच्यासारखी धावत होते, आणि एक दिवस सगळे संपले. शाळेत ताप आल्याचे कळवले. परत कामावर गेले तेव्हा बरोबरच्या शिक्षिका विचारीत, "ताप उतरला ना?" मी म्हणे, उतरला. ज्या मुलाचे कुणाला सांगितलेच नव्हते, त्याच्यासाठी रडायचे तरी कुणाजवळ? आजारपणाची लोक निदान विचारपूस तरी करतात. माझ्याकडे खोट्या तापाचीच विचारपूस होत होती.

बाई मला बघायला घरी आल्या तेव्हा काकी दारातच उभ्या होत्या.

"पळलंस म्हणान गेला ता," काकी मला म्हणाल्या. "मी सांगी होतंय."

"धावल्यामुळे नाही गेलं, काकी," बाई म्हणाल्या.

"मगे कित्याक गेला?"

"मला माहीत नाही."

"बघा! कित्याक गेला ता तुमका ठावक नाय, आणि पळल्यान नाय गेला ह्या मात्र ठावक!"

दुसऱ्या कुणी डॉक्टरांनी या बोलण्यावर काकींना गप्प केले असते. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि त्या चक्क हसल्या. "बरोबर पकडलंत मला. पण काकी, इतकी वर्षं बघते आहे, पळणाऱ्यांचं जातं आणि निजणाऱ्यांचंही जातं. बहुतेक वेळा कारण कळत नाही. आणि न कळलेल्याचा दोष हिच्या पायांवर नाही टाकायचा." काकींना ते पटले नाही. मलाही खरे तर पटले नाही. दिवसा मी बाईंचे म्हणणे खरे धरी आणि एकटी असले की काकींचे.

पुढल्या वर्षी दिवाळीच्या आसपास पुन्हा चाहूल लागली. या वेळी कुणी सांगायच्या आधी मीच धावणे थांबवले. बसून राहिले. पण बसवेना. अंगणात तुळशीभोवती इतक्या फेऱ्या घातल्या, की मी कसला तरी नवस फेडते आहे असे शेजाऱ्यांना वाटले. झोप लागेना, अन्न जाईना. बाहेर पाऊल टाकले की भीती आणि घरात बसले की घुसमट. शेवटी दवाखाना गाठला.

"काय होतंय?" बाईंनी विचारले.

"काही होत नाही, हेच होतंय."

"धावावंसं वाटतं?"

"हो."

"भीती वाटते?"

"हो."

"दोन्ही खरं असेल." मग त्यांनी मला नीट तपासले आणि म्हणाल्या, "माझ्या पुस्तकांत बायका गरोदर होतात, पण धावत नाहीत. त्यांत धावतात ते सगळे पुरुष. म्हणजे तुझ्यासाठी लिहिलेलं माझ्याजवळ काही नाही. मला दिसतं ते सांगते. तुझं शरीर रोज धावणारं आहे, तब्येत चांगली आहे. एकदम खाटेवर निजण्याजोगं मला काही दिसत नाही. पण शर्यत नाही, उन्हात नाही, उपाशीपोटी नाही. पोटात दुखलं, चक्कर आली, लाल दिसलं की तिथल्या तिथे थांबायचं आणि मला कळवायचं. आणि बोलता येईल इतकंच धाव. धाप लागून शब्द तुटला की चालायला लाग."

"बोलू कुणाशी?"

बाईंनी याचा विचार केलेला नव्हता. दुसरी अट मात्र त्यांनी लगेच घातली. काकींना सांगूनच धावायचे. चोरून काही करायचे नाही. आणि ते सांगायला त्या स्वतः आमच्या घरी आल्या. काकींनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ सुपारी कातरीत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तुमी सांगाती आसात तर जांव दे. नायतर नाय." काकींना वाटले, बाई दवाखाना टाकून काही येत नाहीत.

बाई आल्या. ओहोटी रोज वेळ बदलते, तशी त्यांच्या दवाखान्याची वेळही बदलू लागली. रोगी बाकड्यावर बसून विचारीत, "बाई खंय?" आणि कंपाउंडर सांगे, "मास्तरणीच्या मागना." मग काही जण थेट किनाऱ्यावर येत. मी धावते आहे, बाजूला लुना, आणि लुनाच्या पलीकडून एखादा आजोबा लगबगीने चालत आपला खोकला सांगतो आहे, असे दृश्य अनेकांना आठवत असेल. अधूनमधून बाई माझ्याकडे वळून प्रश्न टाकीत. कालचे सुरमईचे कालवण कसे झाले? मुख्याध्यापक आता काय म्हणतात? मी उत्तर दिले की त्या पुढे बोलू देत. वाक्य अर्धे तुटले की हात आडवा करीत, मग मी चालू लागे. मुख्याध्यापकांविषयी मी फार जोशात बोलते म्हणून धाप लागते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि तो विषय बंद झाला.

एकदा बोलण्याच्या नादात भरती लागल्याचे दोघींनाही कळले नाही आणि लुना ओल्या वाळूत रुतली. मी ढकलायला पुढे झाले. बाई ओरडल्या, "धावायला सांगितलंय, ढकलायला नाही! फाटी सर गो!" मालवणी ऐकताच मी मागे सरले. जवळच रापणीचे जाळे ओढणारे लोक होते. बाकीच्यांनी जाळे धरून ठेवले आणि त्यांतल्या दोघांनी येऊन लुना उचलून कोरड्या वाळूवर ठेवली. "बाई, मासोळी बरी गावली," असे त्यांतला एक म्हणाला आणि बाई सगळ्यांबरोबर पोटभर हसल्या.

पण हे हसणे वरवरचे होते. रोज परतताना मी तोच प्रश्न विचारी. "आज काही होणार नाही ना?" आणि बाई रोज तेच उत्तर देत. "माहीत नाही. बोलत राहा." काही नाही होणार, असे खोटे का होईना पण म्हणावे, म्हणून मी मनातून चिडत असे. आज वाटते, त्यांनी तसे म्हटले असते तर पुढच्या प्रसंगात मी त्यांच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नसता.

त्या वर्षी मार्गशीर्षात गावपळण आली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल होतो आणि सारा गाव गुरे, कोंबड्या, कुत्र्यांसह वेशीबाहेर जातो. तीन दिवस गावात कुणी पाऊल टाकायचे नाही. वेशीबाहेर माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या, म्हणजे झापांच्या, राहुट्या उभारायच्या आणि तिथेच रांधायचे, जेवायचे, निजायचे. लहान मुलांची चंगळ असते. मला मात्र धास्ती होती, कारण झापांच्या भिंतींआड काहीच लपत नाही. पहिल्याच सकाळी मला उलट्या झाल्या आणि दुपारपर्यंत सगळ्या बायकांना कळले. मग एकीने मुद्द्याला हात घातला.

"काकीनू, सून पळता म्हणतत ता खरा? पोटात आसताना?"

मी मान खाली घातली. काकी माझ्या बाजूने बोलतील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण आपल्या सुनेला दुसरीने बोलणे त्यांना खपले नसावे.

"आज सगळो गाव पळालो मां? देवान सगळ्यांक पळाक सांगल्यान. पोटुशीन घराक रव, असा सांगल्यान काय?"

"ता पळणा वेगळा गो."

"वेगळा कसला? पाय तेच."

पलीकडे चुलीजवळ बसलेल्या डॉक्टरबाईंना हसू आवरेना. मलाही आवरेना. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाल दिसले.

बाई धावत आल्या. त्यांना धावताना मी तेव्हाच पाहिले. दवाखाना वेशीच्या आत, तिथे जाता येत नाही. होते तेवढ्या सामानावर त्यांनी मला तपासले, निजवले, आणि वाढलेच तर सावंतवाडीला नेता यावे म्हणून एकाची जीप रस्त्याला उभी करून ठेवली. मग म्हणाल्या, "आजपासून धावणं बंद. मी सांगेपर्यंत बंद."

"म्हणजे धावल्यामुळेच झालं."

"मी तसं म्हटलं नाही. आता विश्रांती घ्यायची, एवढंच म्हटलं."

मी कूस बदलून झापाकडे तोंड केले. बाई माझ्या शेजारी चटईवर बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पाय थांबलेत, पण धाप थांबली नाही तुझी. बोल. मोठ्याने बोल."

आणि मी बोलले. राहुटीला भिंती नाहीत, झापे आहेत, हे विसरून बोलले. पहिले मूल माझ्यामुळे गेले. ताप नव्हता, मूल होते. मी धावले म्हणून गेले आणि आता हेही माझ्यामुळेच जाणार. जे कुणालाच सांगितले नव्हते ते सगळे त्या दुपारी माझ्या तोंडून बाहेर पडले. जेवून आडव्या झालेल्या बायकांचे बोलणे आजूबाजूला चालू होते, ते थांबले. माझ्या ध्यानात आले, सगळ्यांनी ऐकले. वाटले, आता जमीन दुभंगावी.

डाव्या अंगाच्या झापापलीकडून आवाज आला. "माझा दुसरा गेला, तेवा मी निजान होतंय गो. खाट सोडूक नाय, तरी गेला."

मग आणखी पलीकडून दुसरी बोलली. "माझा म्हायाराक गेला. मी बसान तांदूळ निवडी होतंय."

आदल्या दिवशी मला टोकणारी बाईही बोलली. तिची एक नव्हे, अधिक गेली होती. तोंडे दिसत नव्हती, म्हणूनच बहुधा बोलता आले. आणि मग माझ्या पायांशी बसलेल्या काकी, माझे पाय चेपता चेपता, खाली बघत म्हणाल्या, "माझा पयला. तुझ्या घोवाच्या आदीचा. मी खंय पळलेलंय तेवा? कोणाक सांगूक पण नाय." हे आमच्या ह्यांनाही ठाऊक नव्हते. काकींनी ते आयुष्यभर एकटीने वागवले होते. मी उठून त्यांना मिठी मारायला गेले तर बाईंनी दटावून पुन्हा निजवले. मग काकीच माझ्याजवळ सरकल्या आणि दोघी रडलो.

एरवी इतक्या बोलणाऱ्या बाई, बायका बोलू लागल्यावर, मला दटावले तेवढे सोडले तर एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या चष्मा पुसत होत्या. पुढे मी त्यांना विचारले, तुम्ही गप्प का होतात? "माझं काय काम होतं तिथे?" त्या म्हणाल्या. समितीने स्वभावविशेष लिहायला सांगितले आहेत. मला त्यांचा हाच स्वभाव सर्वांत मोठा वाटतो. त्या बोलायला लावतात आणि आपण बाजूला होतात.

गाव परत भरला. लाल दिसणे थांबले. का थांबले, तेही बाईंना माहीत नव्हते आणि तसे त्यांनी सांगितलेही. बरेच दिवस मी पडून काढले, मग त्यांनी चालायला सांगितले, आणि सगळे ठीक आहे अशी खात्री झाल्यावर एका सकाळी दारात लुनाचा आवाज आला. या वेळी काकींनीच मला बाहेर काढले. "जा गो, बोलत पळ." आषाढात मुलगी झाली. ती आता बालवाडीत जाते. धावताना तिचे तोंड एक क्षण बंद नसते आणि बाई म्हणतात, सवय पोटातली आहे.

काकी आता वाडीत कुणाचे असे काही झाले की तिच्याकडे जाऊन बसतात. आडूनआडून विचारीत नाहीत. "माझाय गेल्ला," असे म्हणून सुरुवात करतात. बाईंचे कार्य मोजायचे तर ते मला तिथे दिसते.

शेवटी शुभेच्छा. काकींनी आपलेही एक वाक्य घालायला बजावले आहे, ते जसेच्या तसे देते. "डॉक्टरबाईंक देवा भरपूर औक दी, आणि तेंच्या गुडघ्याक आदी दी." बाईंचे गुडघे हल्ली कुरकुरतात, म्हणून माझीही प्रार्थना तीच. बाईंची नजर, त्यांचे गुडघे, त्यांचा राग आणि त्यांची मालवणी शंभरी ओलांडेपर्यंत शाबूत राहो.

यात माझा स्वार्थ आहे. जीव थाऱ्यावर का नाही, ते आता सांगते. मला पुन्हा दिवस गेले आहेत. तिसरा महिना अजून सरलेला नाही. असे काही छापील ग्रंथात लिहायचे नसते हे मला कळते, आणि समितीतले ज्येष्ठ हे वाचून ओटीवर परत येतील हेही कळते. त्यांनी हा परिच्छेद गाळू नये. या खेपेला काय होईल? माहीत नाही. सुखरूप झाले तर बारशाला यावे. आणि नाहीच झाले, तर मला ताप आला होता असे मी कुणाला सांगणार नाही. तुम्हा सगळ्यांना आधीच ठाऊक असेल, आणि कुणाजवळ रडायचे हे मला शोधावे लागणार नाही.

ओहोटी लागली आहे. दारात लुना उभी आहे आणि बाई बाहेरून विचारताहेत, काल बाजारात बांगडा आला होता का. उत्तर देत देतच निघते.